पेशींचा आकार आणि पुढची वर्षं : डोळ्याच्या कर्करोगाची एक गोष्ट

वैद्यकाच्या इतिहासातल्या आजच्या गोष्टीची सुरुवात एका साध्या प्रश्नाने करू. डोळ्यात गाठ झाली, डॉक्टरांनी डोळा काढला, जखम भरली, काचेचा डोळा बसवला. आता रुग्ण समोर बसून विचारतो, "डॉक्टर, संपलं ना सगळं? की पुन्हा होईल?"

या प्रश्नाचं उत्तर रुग्णाच्या चेहऱ्यावर दिसत नाही, रक्ताच्या तपासणीतही सापडत नाही. गेली जवळजवळ शंभर वर्षं ते काढलेल्या डोळ्याच्या पातळ कापात, सूक्ष्मदर्शकाखाली शोधलं जातंय. तिथल्या पेशी लांबट आहेत की गोल, त्यांची केंद्रकं कशी आहेत, त्यात किती पेशी दुभंगताना दिसतात, यावरून माणूस किती जगेल याचा अंदाज बांधला जातो. वैद्यकात याला पूर्वानुमान म्हणतात.

पेशीच्या आकाराचा आणि माणसाच्या आयुष्याचा संबंध पहिल्यांदा कुणाला कळला? आणि कसा कळला? सूक्ष्मदर्शक तर त्याआधीही होते, पेशी त्याआधीही दिसत होत्या. मग उत्तर मिळायला १९३१ साल का उजाडावं लागलं? त्याची ही हकिगत आहे.

आधी रोग समजून घेऊ

आपल्या डोळ्याच्या भिंतीला तीन थर असतात. बाहेरचा पांढरा टणक थर, आतलं दृष्टिपटल, आणि या दोघांच्या मध्ये रक्तवाहिन्यांनी आणि काळ्या रंगद्रव्याने भरलेला एक थर. या मधल्या थराला युव्हिआ म्हणतात. बुबुळाचा रंगीत पडदा, त्यामागची सिलिअरी बॉडी आणि पाठीमागचं रंजितपटल हे तिन्ही त्याचेच भाग. या थरात रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी असतात. त्यांचा कर्करोग म्हणजे युव्हिअल मेलॅनोमा. प्रौढांमध्ये डोळ्याच्या आत सुरू होणाऱ्या कर्करोगांत हा सर्वांत जास्त आढळणारा. तरीही तो दुर्मीळच. अमेरिकेत दर दहा लाख लोकांमागे वर्षाला साधारण पाच जणांना होतो. गोऱ्या कातडीच्या आणि फिकट डोळ्यांच्या लोकांत जास्त, आपल्याकडे बराच कमी.

याचा स्वभाव विचित्र आहे. डोळ्याच्या आत लसिकावाहिन्या नसतात, त्यामुळे हा रोग गळ्यातल्या गाठींकडे सहसा जात नाही. तो रक्तातून पसरतो आणि बहुतेक वेळा यकृतात जाऊन बसतो. तेही लगेच नाही. डोळा काढून दोन वर्षांनी, दहा वर्षांनी, कधी कधी वीस वर्षांनी. म्हणूनच काचेचा डोळा असलेल्या माणसाचं यकृत वाढलेलं दिसलं तर सावध व्हा, असं जुने डॉक्टर विद्यार्थ्यांना शिकवत आले.

आता रुग्णाचा प्रश्न किती अवघड आहे ते लक्षात येईल. एकाच दिवशी, एकाच दवाखान्यात, एकसारख्या गाठीसाठी दोघांचे डोळे काढले. एक जण नातवंडांची लग्नं पाहतो, दुसरा तीन वर्षांत यकृताच्या रोगाने जातो. या दोघांमध्ये फरक काय होता?

एकोणिसावं शतक : दिसलं सगळं, कळलं थोडं

कर्करोगातल्या काळ्या गाठींना 'मेलॅनोसिस' या अर्थाचं नाव दिलं ते फ्रेंच डॉक्टर रने लॅनेक यांनी, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला. स्टेथोस्कोप शोधून काढणारे तेच हे लॅनेक. पुढे १८३८ साली बर्लिनच्या योहानेस म्युलर यांनी गाठींची सूक्ष्म रचना पेशींच्या भाषेत मांडायला सुरुवात केली. त्यांचे विद्यार्थी रूडॉल्फ फिर्खो यांनी १८५८ मध्ये रोगाचं मूळ पेशीत शोधायचं हा विचार पक्का केला. त्याआधी १८५१ मध्ये हेल्महोल्ट्झ यांनी ऑफ्थॅल्मोस्कोप जगापुढे आणला आणि जिवंत माणसाच्या डोळ्याचा मागचा भाग डॉक्टरांना दिसू लागला. १८८२ मध्ये व्हिएन्नाच्या एर्न्स्ट फुक्स यांनी युव्हिआच्या या गाठींवर एक मोठा ग्रंथ लिहिला. तेव्हा या गाठींना सार्कोमा म्हणत.

म्हणजे विसाव्या शतकाच्या आधीच गाठ दिसत होती, तिच्या पेशी दिसत होत्या, त्या लांबट आणि गोल अशा दोन तऱ्हेच्या असतात हेही लोकांनी लिहून ठेवलं होतं. मग अडलं कुठे?

अडलं ते संख्येवर आणि पाठपुराव्यावर. रोग इतका दुर्मीळ की एका डॉक्टरला उभ्या कारकिर्दीत हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच रुग्ण भेटत. त्यातले निम्मे पुन्हा दिसत नसत. पाच वर्षांनी तो माणूस आहे की गेला, आणि गेला तर कशाने, हे डोळा तपासणाऱ्याला कळायचा मार्ग नव्हता. पेशीचा आकार एका कागदावर आणि माणसाचा शेवट दुसऱ्याच कुठल्या तरी गावच्या कागदावर. हे दोन कागद शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय आकाराला काही अर्थ येणार नव्हता.

लष्कराचं संग्रहालय

हे दोन कागद शेजारी आणले ते अमेरिकेतल्या एका संग्रहालयाने. १८६२ साली, अमेरिकेच्या यादवी युद्धाच्या काळात, सर्जन जनरल विल्यम हॅमंड यांनी वॉशिंग्टनला आर्मी मेडिकल म्युझियम सुरू केलं. युद्धात जखमी झालेल्यांची हाडं, गोळ्या, कापलेले अवयव असं सगळं अभ्यासासाठी जमा करायचं, हा हेतू. पुढे हेच संग्रहालय वाढत वाढत आर्म्ड फोर्सेस इन्स्टिट्यूट ऑफ पॅथॉलॉजी या नावाची जगप्रसिद्ध संस्था झालं.

१९२० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञांच्या संघटनेने या संग्रहालयाशी एक करार केला. देशभरातल्या डॉक्टरांनी काढलेले डोळे इथे पाठवायचे. संग्रहालय ते तपासून निदान कळवणार, आणि त्या बदल्यात डोळा, काचपट्ट्या व रुग्णाची माहिती जपून ठेवणार. याला रजिस्ट्री म्हणत. गावोगावचा एकेक दुर्मीळ रुग्ण एका कपाटात गोळा होऊ लागला. आणि कपाटाइतकीच महत्त्वाची होती ती पाठपुराव्याची नोंद : अमुक रुग्णाचं पुढे काय झालं?

डोळा तिथे पोचल्यावर काय होई? तो फॉर्मॅलिनमध्ये टिकवून, मेणात बसवून, त्याचे काही मायक्रॉन जाडीचे काप काढत. ते काचपट्टीवर घेऊन रंगवले की केंद्रकं निळी-जांभळी आणि बाकीची पेशी गुलाबी दिसते. गाठ फारच काळी असेल तर आधी रंगद्रव्य रसायनाने उडवावं लागतं, नाहीतर शाई सांडल्यासारखं दिसतं आणि आतली केंद्रकं कळत नाहीत.

या संग्रहालयाचे एक प्रमुख होते जॉर्ज कॅलेंडर, लष्करातले डॉक्टर. १९३१ मध्ये त्यांनी रजिस्ट्रीतल्या १११ गाठींचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि पेशींच्या रूपावरून त्यांचे सहा गट पाडले.

पहिला गट स्पिंडल-ए. स्पिंडल म्हणजे चरख्याची चाती. मध्ये किंचित फुगीर, दोन्ही टोकांना निमुळती, सडपातळ पेशी. केंद्रकावर लांबीच्या दिशेने एक बारीक घडी, आणि केंद्रकाच्या आतला ठिपका, म्हणजे केंद्रिका, जवळजवळ दिसतच नाही. दुसरा स्पिंडल-बी. याही चातीसारख्याच, पण जरा गुबगुबीत, आणि केंद्रिका स्पष्ट. तिसऱ्या गटात या पेशी जुडग्याजुडग्यांनी रचलेल्या. चौथा एपिथेलिऑइड, म्हणजे मोठ्या, गोल किंवा बहुकोनी पेशी, ठळक केंद्रिका, आणि एकमेकींना फारशा न चिकटलेल्या. पाचवा मिश्र, म्हणजे चातीसारख्या आणि गोल अशा दोन्ही. सहाव्यात पेशी इतक्या मेलेल्या की प्रकार ओळखता येत नाही.

मग त्यांनी या गटांपुढे रुग्णांचं पुढे काय झालं ते मांडलं. स्पिंडल-ए गटातले लोक बहुतेक जिवंत होते. एपिथेलिऑइड गटात मृत्यू सर्वांत जास्त. मिश्र गट मधे. १११ ही संख्या तशी लहान, पण उतरंड स्पष्ट दिसत होती. फुक्स यांच्या काळापासून नुसतं वर्णन असलेल्या आकाराला आता अर्थ मिळाला.

हेलेनॉर वाइल्डर

या कामात एक नाव आवर्जून घ्यायला हवं. हेलेनॉर कॅम्पबेल वाइल्डर या संग्रहालयात तंत्रज्ञ म्हणून आल्या. त्यांच्याकडे वैद्यकाची पदवी नव्हती. कापांवर काम करता करता त्या इतक्या तयार झाल्या की डोळ्यांच्या विकृतिशास्त्राचा विभागच पुढे त्यांनी सांभाळला. ऊतींमधले बारीक तंतू काळे रंगवणारी त्यांची पद्धत आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. १९३५ मध्ये त्यांनी आणि कॅलेंडर यांनी दाखवलं की गाठीत हे तंतू भरपूर असतील तर रुग्णाचं भवितव्य बरं असतं.

१९४२ मध्ये कॅलेंडर, वाइल्डर आणि ॲश यांनी किमान पाच वर्षं पाठपुरावा झालेल्या ५०० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. १९५१ मध्ये वाइल्डर आणि पॉल यांनी २,५३५ रुग्णांचा. जो रोग एका डॉक्टरला आयुष्यात मोजकाच दिसतो, त्याचे अडीच हजार रुग्ण! वीस वर्षांपूर्वी १११ गाठींवर दिसलेली उतरंड इथेही टिकली.

याच वाइल्डर यांनी १९५० मध्ये मुलांच्या डोळ्यांत कृमीच्या अळ्या शोधून काढल्या. त्यातले बरेच डोळे कर्करोगाच्या संशयाने काढलेले होते. १९५२ मध्ये त्यांनी दृष्टिपटलाच्या दाहात टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी दाखवला. कपाटात जपून ठेवलेले जुने डोळे पुन्हा पुन्हा पाहिल्यामुळेच हे शोध लागले.

जपलेल्या डोळ्यांनी डॉक्टरांच्या चुकाही दाखवल्या. १९६४ मध्ये ॲंड्र्यू फेरी यांनी याच संस्थेतून एक हिशेब मांडला. मेलॅनोमा समजून काढलेल्या ५२९ डोळ्यांपैकी १०० डोळ्यांत मेलॅनोमा नव्हताच. कुठे साधा तीळ, कुठे रक्तस्राव, कुठे सुटलेलं दृष्टिपटल. दर पाच-सहा माणसांमागे एकाने आपला डोळा त्या रोगासाठी दिला होता जो त्याला नव्हता. हे प्रसिद्ध करायला धैर्य लागतं. त्यानंतर निदानाच्या पद्धती सुधारल्या आणि पुढच्या काळातल्या मोठ्या चाचण्यांमध्ये असं चुकीचं निदान अगदी विरळ झालं.

वर्गीकरणाची फेरतपासणी

कॅलेंडर यांची पद्धत चाळीस-पन्नास वर्षं जगभर चालली. पण तिच्यात अडचणी होत्याच. मुख्य अडचण माणसाच्या डोळ्याची. चातीसारखी पेशी आणि गोल पेशी यांच्यामध्ये निसर्गाने रेघ मारलेली नाही. एक सरकत सरकत दुसरीसारखी होते. मग गाठ मिश्र म्हणायला गोल पेशी किती हव्यात? एक? दहा? शंभरात पाच? दोन अनुभवी विकृतिशास्त्रज्ञ एकच काचपट्टी पाहून वेगळी उत्तरं देत. आणि त्या उत्तरावर एखाद्याला "काळजी नको" किंवा "कागदपत्रं आवरून ठेवा" असं सांगितलं जाणार!

१९७८ मध्ये त्याच संस्थेतल्या इयन मॅक्लीन आणि लॉरेन्झ झिमरमन यांनी सहकाऱ्यांसह स्पिंडल-ए गटाच्या जुन्या काचपट्ट्या पुन्हा काढल्या. त्यांच्या लक्षात आलं की निव्वळ सौम्य रूपाच्या पेशी असलेल्या अनेक गाठी कर्करोग नव्हत्याच. ते साधे तीळ होते. रुग्ण जगले यात नवल नव्हतं. १९८३ मध्ये मॅक्लीन आणि सहकाऱ्यांनी कॅलेंडर यांचं वर्गीकरण सुधारून सोपं केलं : चातीसारख्या पेशींचा तीळ, चातीसारख्या पेशींचा मेलॅनोमा, आणि मिश्र किंवा एपिथेलिऑइड मेलॅनोमा. आजही अहवालात बहुधा हीच भाषा दिसते.

दुसरा प्रयत्न झाला मोजमापाचा. जॉन गॅमेल यांनी मॅक्लीन आणि झिमरमन यांच्यासोबत १९८२ च्या सुमारास संगणकाने केंद्रिकांचं क्षेत्रफळ मोजायला सुरुवात केली. त्यात एक सुंदर गोष्ट दिसली. केंद्रिका सरासरीने किती मोठ्या आहेत, यापेक्षा त्या एकमेकींपेक्षा किती वेगवेगळ्या आहेत, हे जास्त बोलकं ठरलं. सगळ्या सारख्या असतील तर रोग शांत. एक मोहरीएवढी, दुसरी वाटाण्याएवढी असा गोंधळ असेल तर रोग आक्रमक.

अशी आणखी लक्षणं जमत गेली. ठरावीक चाळीस क्षेत्रांत किती पेशी दुभंगताना दिसतात ते मोजायचं. गाठीत लिम्फोसाइट पेशींची गर्दी किती ते पाहायचं. इथे एक धक्का होता. लिम्फोसाइट म्हणजे शरीराचे शिपाई. ते जास्त असतील तर बरं, असं कुणालाही वाटेल आणि कित्येक कर्करोगांत तसं असतंही. पण १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या गाठींत उलटंच दिसलं : शिपाई जास्त, तर भवितव्य वाईट. एक कारण असं सांगतात की डोळ्याच्या आतली गाठ शरीराच्या पहाऱ्यापासून बरीच लपलेली असते. पेशी रक्तात गेल्या की मगच पहारेकऱ्यांना तिचा सुगावा लागतो. कारण काहीही असो, नुसत्या तर्काने उत्तर चुकलं असतं. रुग्णांचं पुढे काय झालं हे पाहिलं म्हणून ते बरोबर आलं.

१९९० च्या दशकातच रॉबर्ट फोलबर्ग यांनी गाठीतल्या एका नक्षीकडे लक्ष वेधलं. खास रंग दिल्यावर काही गाठींत बंद वळशांची आणि त्यांच्या जाळ्यांची नक्षी दिसे. ज्यांच्यात ही जाळी, त्यांच्यात रोग पसरण्याचं प्रमाण जास्त. या वळशांतून रक्त वाहतं का, ते गाठीच्या पेशींनीच बनवलेले मार्ग आहेत का, यावर बराच वाद झाला. वाद चालू राहिला, पण नक्षी आणि रुग्णाचं भवितव्य यांचा संबंध पुन्हा पुन्हा दिसत राहिला.

झिमरमन यांचा अवघड प्रश्न

आता या कथेतला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग. १९७८ मध्येच झिमरमन, मॅक्लीन आणि फॉस्टर यांनी रजिस्ट्रीतल्या मृत्यूंच्या नोंदी वर्षांनुसार लावल्या. डोळा काढण्याआधी या रोगाने मरण्याचं प्रमाण अगदी कमी होतं. डोळा काढल्यानंतर ते वर चढत होतं आणि दुसऱ्या वर्षी शिखर गाठत होतं. मग त्यांनी विचारलं, डोळा काढताना पडणाऱ्या दाबाने आपणच तर पेशी रक्तात ढकलत नाही ना? शंभरहून अधिक वर्षं जे ऑपरेशन जीव वाचवण्यासाठी केलं जात होतं, तेच घातक तर नाही ना?

डोळ्यांच्या डॉक्टरांमध्ये खळबळ उडाली. विरोधकांचा मुद्दाही वजनदार होता : रुग्ण दवाखान्यात येतो तोच गाठ बरीच वाढल्यावर, पेशी तोवर गेलेल्याच असतील, ऑपरेशन फक्त त्या वेळेच्या आसपास पडतं. जुन्या नोंदींवरून हा वाद मिटणार नव्हता. त्यासाठी रुग्णांना चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागणं आणि वर्षानुवर्षं पाहणं भाग होतं.

अमेरिका आणि कॅनडामधल्या ४३ केंद्रांनी १९८० च्या दशकात ते हाती घेतलं. याला कॉम्स अभ्यास म्हणतात. मोठ्या गाठींच्या १,००३ रुग्णांपैकी निम्म्यांना डोळा काढण्याआधी किरण दिले, निम्म्यांना नाही. झिमरमन यांची भीती खरी असती तर आधी किरणांनी पेशी दुबळ्या केलेले लोक स्पष्टपणे जास्त जगायला हवे होते. पाच वर्षांनी एका गटात ६२ टक्के जिवंत होते, दुसऱ्यात ५७ टक्के. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक टिकला नाही. मध्यम गाठींच्या १,३१७ रुग्णांपैकी काहींचा डोळा काढला, काहींच्या डोळ्याला बाहेरून किरणोत्सारी आयोडीनची छोटी चकती काही दिवस शिवून ठेवली. २००१ मध्ये निकाल आला : पाच वर्षांनी ८१ टक्के आणि ८२ टक्के जिवंत. जवळपास सारखेच.

याचा अर्थ दुहेरी होता. डोळा काढल्याने माणूस मरत नाही, हा दिलासा. आणि डोळा वाचवला तरी आयुष्य कमी होत नाही, ही आनंदाची बातमी. आज मध्यम आकाराच्या गाठींसाठी बऱ्याच लोकांचा डोळा शाबूत ठेवतात तो या अभ्यासामुळे. पण त्यातून एक कठोर गोष्टही समोर आली. डोळ्याचं काहीही केलं तरी काही लोक जातातच. २००० साली फिनलंडच्या संशोधकांनी गाठी वाढण्याच्या वेगावरून हिशेब केला की बहुधा उपचारांच्या कित्येक वर्षं आधीच पेशी यकृतात पोचलेल्या असतात. २००३ मध्ये हेलसिंकीच्या गटाने १९६२ ते १९८१ दरम्यान डोळा काढलेल्या २८९ जणांचा माग दशकानुदशकं काढला. या रोगाने मरण्याचं प्रमाण पाच वर्षांत ३१ टक्के, पंधरा वर्षांत ४५, पंचवीस वर्षांत ४९ आणि पस्तीस वर्षांत ५२ टक्के. पाच वर्षांनी कुणी पाहणं थांबवलं असतं, तर चित्र अर्धवटच राहिलं असतं.

आकारामागचं कारण

इथपर्यंत डॉक्टरांना गोल पेशी वाईट हे माहीत होतं, पण का वाईट ते नाही. १९९६ मध्ये जर्मनीतल्या एसेनच्या संशोधकांनी ५४ गाठींचा अभ्यास प्रसिद्ध केला. काही गाठींत तिसऱ्या गुणसूत्राची एक प्रत हरवलेली होती. अशा रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांचा रोग तीन वर्षांत पसरला. दोन्ही प्रती शाबूत असलेल्यांत तो क्वचितच पसरला.

२००४ मध्ये सेंट लुइसच्या विल्यम हार्बर यांच्या गटाने गाठीतली जनुकं कशी चालू-बंद आहेत ते पाहून या रोगाचे दोन वर्ग पाडले : पहिला शांत, दुसरा जीवघेणा. आणि २०१० मध्ये त्यांना तिसऱ्या गुणसूत्रावरचं बॅप-१ हे जनुक सापडलं. रोग पसरवणाऱ्या ३१ गाठींपैकी २६ गाठींत ते बिघडलेलं होतं. गुणसूत्राची एक प्रत हरवते आणि उरलेल्या प्रतीवरचं हे जनुक बिघडतं, मग पेशीवरचा लगाम सुटतो. प्रयोगशाळेत याच गटाने मेलॅनोमाच्या पेशींमधलं बॅप-१ कमी केलं, तेव्हा त्या पेशी गोलसर, एपिथेलिऑइडसारख्या दिसू लागल्या.

म्हणजे कॅलेंडर यांनी १९३१ मध्ये जे पाहिलं ती या जनुकाच्या बिघाडाची बाहेर दिसणारी खूण होती, असं आज म्हणता येतं. जनुक म्हणजे काय रसायन हेही ज्या काळी माहीत नव्हतं, त्या काळी एका लष्करी डॉक्टरने ते निव्वळ आकारावरून हेरलं होतं. आता तर काचपट्टीवरच बॅप-१ साठी खास रंग देतात. केंद्रक रंगलं तर प्रथिन शाबूत, नाही रंगलं तर हरवलेलं. जनुकांची विद्या पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली येऊन बसली.

कळून काय उपयोग?

कुणी विचारेल, भविष्य कळून उपयोग काय, बदलता येत नसेल तर? प्रश्न रास्त आहे. यकृतात पसरलेल्या या रोगावर कित्येक दशकं आयुष्य वाढवणारं औषध नव्हतं. २०२२ मध्ये अमेरिकेत टेबेंटाफस्प या औषधाला मान्यता मिळाली. ३७८ रुग्णांच्या चाचणीत एका वर्षानंतर हे औषध घेणाऱ्यांपैकी ७३ टक्के आणि इतर उपचारांच्या गटातले ५९ टक्के जिवंत होते. तेही एका ठरावीक एचएलए प्रकाराच्या लोकांनाच चालतं. पहिलं पाऊल आहे, लहान पण खरं. आणि धोका कुणाला जास्त हे कळलं की यकृताची तपासणी कुणाची वारंवार करायची, नव्या औषधांच्या चाचण्यांत कुणाला घ्यायचं, हे ठरवता येतं. ज्यांचा धोका कमी, त्यांची वर्षानुवर्षांची भीतीही उतरते. काही रुग्ण मात्र स्पष्ट सांगतात की आम्हाला आकडा नको. तोही त्यांचा हक्क आहे.

आपल्याकडे हाच विचार एका वेगळ्या रोगात रोज उपयोगी पडतो. लहान मुलांच्या डोळ्यात होणारा रेटिनोब्लास्टोमा. जगात या रोगाची सर्वांत जास्त मुलं ज्या देशांत आहेत त्यांत भारत आहे. फोटोत बाळाच्या बाहुलीत पांढरी चमक दिसते, तो हा रोग असू शकतो. मुलाचा डोळा काढावा लागला तर तो काचपट्टीवर तपासायलाच हवा. कर्करोग रंजितपटलात खोलवर शिरला आहे का, दृष्टिनाडीत कुठवर गेला आहे, नाडीच्या कापलेल्या टोकापाशी पेशी आहेत का? या उत्तरांवर केमोथेरपी द्यायची की नाही ते ठरतं. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्याचे पहिले लेखक पुढे हैदराबादमध्ये नाव झालेले नेत्रतज्ज्ञ संतोष होनावर होते, अशी धोक्याची चिन्हं असलेल्या ८० मुलांचा आढावा आहे. पुढचे उपचार मिळालेल्या ४६ पैकी २ मुलांत रोग पसरला. न मिळालेल्या ३४ पैकी ८ मुलांत. इथे काचपट्टीवरचं वाचन नुसतं भाकीत करत नाही, ते मूल वाचवू शकतं.

म्हणून मंडळी, ही गोष्ट ऐकून घरी जाताना काही साध्या गोष्टी लक्षात ठेवा. घरात कुणाचा डोळा किंवा कुठलीही गाठ काढली, तर ती तपासायला गेली का ते विचारा. पॅथॉलॉजीचा पूर्ण अहवाल मागून घ्या आणि जपून ठेवा. मेणाचे ब्लॉक कुठे ठेवले आहेत तेही विचारा, कारण दहा वर्षांनी नवी तपासणी निघाली तर तेच कामी येतात. गाव बदललं, फोन बदलला तर दवाखान्याला कळवा. बरं वाटत असलं तरी बोलावलेल्या तारखेला जा.

याचा फायदा तुम्हाला आहेच, तुमच्या नंतर येणाऱ्यालाही आहे. १११ गाठी आणि त्यांच्यापुढे लिहिलेलं त्या माणसांचं पुढचं आयुष्य, एवढ्या भांडवलावर ही विद्या उभी राहिली. त्या माणसांची नावं इतिहासात नाहीत. पण त्यांच्या डॉक्टरांनी "रुग्ण हयात आहे" किंवा "रुग्ण वारला, यकृतात गाठी होत्या" एवढं कळवलं, म्हणून पेशीच्या आकाराला अर्थ आला. ज्या रुग्णाची पुढची नोंदच नाही, त्याची काचपट्टी कितीही सुंदर रंगवलेली असली तरी पुढच्या रुग्णाला काही शिकवत नाही.

आजच्यापुरतं इथेच थांबू. पुढच्या भागात पुन्हा भेटू.